आटणारं पाणी

(दृश्य : रात्र. पावसाचा आवाज. टॉर्चच्या झोतात, पाण्यात उभा बांबू. बांबूवर तांबडे पट्टे.)

हा बांबू आम्ही या पावसाळी डबक्यातलं पाणी मोजायला रोवलाय. दर पाच सेंटिमीटरला ऑइल पेंटचा एक तांबडा पट्टा. दर रविवारी यायचं, पाणी कितव्या पट्ट्यावर आहे ते बघायचं, वहीत लिहायचं. बांबूला दुसरं काही काम नव्हतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते मिळालं.

(दृश्य : जवळून. बांबूला चिकटलेली हिरवीगार बेडकी. बोटांमधले शेंदरी पडदे. पाठीवर नर.)

मलबारी उडता बेडूक. खालची मोठी ती मादी, पाठीवरचा लहानखुरा तो नर. बोटांच्या मधले हे शेंदरी पडदे बघा. एरवी यांचा मुक्काम झाडांवर उंच. तिथून झेप घेताना हे पडदे छत्रीसारखे उघडतात आणि बेडूक नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. टी. सी. जेर्डन या ब्रिटिश डॉक्टरने १८७० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सह्याद्रीतल्या पावसाळ्याचे फोटो चाळलेत तर हा बेडूक तुम्हाला भेटलेला असणारच. देखणा आहे, त्यामुळे त्याला प्रसिद्धी मिळते.

(दृश्य : मादीचे मागचे पाय. फेस वाढत जातो. निवेदन काही क्षण थांबतं.)

मादी अंड्यांबरोबर एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. एक पाय आत, एक बाहेर. रवीची दोरी ओढणारे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना ही लय ओळखीची वाटेल. ताकावर यावा तसा फेस येतो, फुगत जातो, आणि अंडी त्या फेसात राहतात. पाण्यात नाही, पाण्याच्या वर.

आम्ही हे पाऊण तास चित्रित केलं. तुम्ही दीड मिनिटात बघताय.

एवढं नेहमीचंच. हा बेडूक फेसाचं घरटं पाण्यावर झुकलेल्या फांदीवर करतो आणि आजूबाजूची पानं ओढून फेसाला चिकटवतो. पानांच्या आत फेस लवकर सुकत नाही. पण बांबूला पान नाही. आता तिचा उजवा पाय बघा.

(दृश्य : मादीचा पाय बाजूला हवेत जातो, चाचपतो, परत येतो. पुन्हा.)

चार वेळा. बेडकीच्या मनातलं सांगणारे आम्ही कोण! पण पान ओढून घेताना पाय जसा जातो तसाच हा गेला, आणि रिकामा परत आला.

(दृश्य : दिवस. जांभळाच्या बुंध्याशी तोडलेल्या फांदीचा खुंट. कोयत्याचे घाव.)

पाण्यावर आलेली जांभळाची फांदी गेल्या वर्षीपर्यंत इथे होती. त्या एका फांदीवर आम्ही नऊ घरटी मोजली होती. मे महिन्यात आलो तेव्हा हे दिसलं.

(दृश्य : ड्रोन. धुक्यातलं जंगल, घाटाचा रस्ता, दूरवर धबधबा आणि गाड्यांची रांग.)

आंबोली. सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका, समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंच. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माणसं इथे धबधब्याखाली भिजायला येतात, कणीस खातात आणि परत जातात. त्या रस्त्यापासून फार लांब नसलेल्या अंजनी-जांभळाच्या रानात आमचं डबकं आहे. नेमकं कुठे, ते सांगणार नाही. मागे एकदा एका फोटोखाली जागेचं नाव लिहिलं, तर पुढच्या शनिवारी तिथे अकरा ट्रायपॉड उभे होते.

(दृश्य : डबकं. वरून, मग बाजूने.)

लांबी बारा पावलं, रुंदी सात. भर पावसात मध्यभागी मांडीपर्यंत पाणी. तळाला कुजलेली पानं, त्याखाली चिखल, त्याखाली जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा, सच्छिद्र दगड. जूनमध्ये भरतं, डिसेंबर उजाडेपर्यंत आटतं. मग सहा महिने इथून गुरं चालत जातात आणि इथे पाणी होतं हे सांगितलं तर नवखा माणूस हसेल.

इथून जाणारे एक आजोबा पहिल्या वर्षी आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले. डोक्यावर इरलं, हातात काठी. शेवटी न राहवून म्हणाले, "ह्या डबक्यात काय बघतास रे तुमी? ह्येच्यात मासो नाय, काय नाय. दिवाळीनंतर सुकता ता."

आमचं तीन वर्षांचं काम त्यांनी दोन वाक्यांत उरकलं होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. डबकं सुकतं म्हणून त्यात मासा नाही. मासा नाही म्हणून बाकी सगळे आहेत. बेडकाची अंडी म्हणजे माशाला आयतं ताट. बारमाही तळ्यात अंडी घालायची तर ती जोखीम आलीच. इथे ती नाही. इथे मोठी भीती पाण्याची, म्हणजे ते संपण्याची. या डबक्यात जे जे जन्मतं ते मोजून दिलेल्या मुदतीत वाढतं, आणि त्यांच्या वागण्यातल्या बहुतेक विचित्र गोष्टी या मुदतीपाशी येऊन थांबतात.

(दृश्य : टेबलावर साहित्य. वही, गाळणी, थर्मामीटर, हेडलॅम्प.)

सुरुवात कशी झाली ते सांगतो. आमच्यात प्राणिशास्त्र शिकलेला एकच. बाकी एक शिक्षिका, एक वायरमन, दोघं कॉलेजातली पोरं आणि मी. निरीक्षणाचं साहित्य म्हणाल तर हे बघा. चहाची मोठी गाळणी, तिला शिवलेलं मच्छरदाणीचं कापड. पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे, ज्यात एरवी बर्फी येते. हेडलॅम्पवर लाल जिलेटीनचा कागद, कारण पांढऱ्या झोतात बेडूक गप्प होतात. जळवांसाठी तंबाखू आणि मीठ, फडक्यात बांधून. फार उपयोग होत नाही, धीर येतो. कॅमेऱ्याला हॉटेलात मिळते ती आंघोळीची टोपी. आणि वही. पहिल्या वर्षीची वही भिजून तिची पुरचुंडी झाली. दुसऱ्या वर्षीपासून पेन्सिलने लिहितो, कारण शाई पसरते.

नियम एकच ठरवला : जे दिसेल ते लिहायचं, जे वाटेल ते समासात. समास आता मजकुराहून मोठा झालाय.

बांबूबद्दल एक कबुली. तो डबक्याच्या मध्यावर रोवायला हवा होता. पण मध्यावर गुडघाभर चिखल, आणि तिथे जायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून काठापासून हातभर आत रोवून मोकळे झालो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : आकाशात ढग. पहिले थेंब कोरड्या पानांवर. मग धो-धो पाऊस.)

पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक असलं की पाऊस भरपूर, असं गावात अजून म्हणतात. यंदा मिरगाचं वाहन काय होतं ते विचारायचं राहून गेलं. बेडूक मात्र आले.

(दृश्य : पहाट. डबक्यात पिवळेधमक बेडूक. निळ्या गळपिशव्या फुगतात. आवाज पूर्ण. वीस सेकंद निवेदन नाही.)

हे बैल-बेडूक. रंग कॅमेऱ्याचा नाही, त्यांचाच आहे. एरवी हा प्राणी शेवाळी, मातकट, बांधावर बसला तर ढेकूळ वाटावा असा. वर्षातले आठ-नऊ महिने कुठेतरी मातीत, दगडाखाली पडून असतो. पहिला जोरदार पाऊस झाला की नर असे पिवळे होतात, हळद लावल्यासारखे, आणि गळ्याच्या दोन बाजूंना या निळ्या पिशव्या. मादीचा रंग बदलत नाही. बघा, तो डावीकडचा दुसऱ्याच्या पाठीवर चढला, तो नर निघाला, लाथ बसली. हे दिवसाउजेडी चाललंय. एरवी सावलीला घाबरणारा प्राणी आमच्यापासून दहा फुटांवर कुस्ती खेळतोय, कारण हा बाजार फार दिवस चालत नाही. पुढच्या रविवारी आलो तेव्हा रंग उतरले होते आणि पाण्यात हजारो अंडी होती.

याच बेडकाच्या तंगड्या एके काळी बोटी भरून परदेशी जायच्या. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारायला बंदी आहे. तरी पहिल्या पावसात टॉर्च आणि गोणपाट घेऊन फिरणारे असतात. पलीकडे गोव्यात त्याला 'जंपिंग चिकन' असं लाडाचं नावही आहे.

(दृश्य : पाण्याखाली. मोठी पिल्लं. एक पिल्लू दुसऱ्याला शेपटीकडून धरतं.)

हा पाण्याखालचा शॉट मिळवायला आमच्या वायरमनने प्लॅस्टिकच्या डब्याला काच चिकटवून कॅमेऱ्याचं घर बनवलं. तीन डबे गळले. चौथ्यात हे मिळालं.

बेडकाची पिल्लं शेवाळ खरवडून खातात, असं आपण शाळेत शिकलो. बैल-बेडकाच्या पिल्लाला ते कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडातल्या काळ्या, टणक कडा बघा. हे पिल्लू शिकारी आहे. दुसऱ्या बेडकांची पिल्लं, डासांच्या अळ्या, आणि काहीच नसलं तर सख्खी भावंडं. हे बघणं सोपं नाही, आमच्यातल्या दोघांनी मान फिरवली. पण आटत जाणाऱ्या पाण्यात शेवाळापेक्षा मांसावर लवकर वाढता येतं, आणि आधी पाय फुटलेला आधी बाहेर पडतो.

(दृश्य : काठाजवळ काळ्या पिल्लांचा घोळका, एकत्र वळणारा.)

त्याच पाण्यात, त्याच आठवड्यात हे. भेकाची, म्हणजे टोडची, काळीभोर पिल्लं. ही घोळक्याने राहतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि सहकाऱ्यांनी यांच्यावर बरीच वर्षं काम केलं. अंड्यांच्या एकाच माळेतून निघालेली पिल्लं परकी पिल्लं सोडून आपल्या भावंडांजवळ जातात, असं त्यांना प्रयोगांत दिसलं. म्हणजे दोन हातांच्या अंतरावर एक पिल्लू भावंडाला खातंय आणि दुसरं भावंडं शोधत फिरतंय. वहीत त्या दिवसाच्या समासात कुणीतरी नुसतं उद्गारचिन्ह काढलंय.

(दृश्य : पार्क केलेली काळी गाडी. टपावर चतुर शेपटी टेकवतोय.)

ही आमची गाडी. ऑगस्टमधली उघडीप, ऊन, आणि हा चतुर तिच्या टपावर अंडी घालतोय. वेडा नाही तो. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट प्रकारे ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, आणि चतुर पाणी ओळखतो ते त्यावरून. गाडीच्या चकचकीत रंगावरूनही प्रकाश तसाच परततो. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर ती अंडी भाजून निघतात. पावसाच्या डबक्यांवर वाढणारा हाच चतुर पुढे हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो, असं २००९ मध्ये मालदीवमधल्या चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं. आम्ही गाडीवर ताडपत्री टाकली. पुढच्या रविवारपासून गाडी मुख्य रस्त्यावर ठेवतो आणि चालत येतो.

(दृश्य : सडा. उघडा कातळ, वारा, उथळ पाण्याची थाळी.)

रान संपलं की सडा लागतो. इथलं पाणी आमच्या डबक्याहूनही उथळ. काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढं. त्यात हा.

(दृश्य : तपकिरी, लहान भेक. जोडी. अंडी.)

आंबोली टोड. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याला नाव दिलं. जगात तो फक्त आंबोलीच्या आसपास सापडतो, आणि आंतरराष्ट्रीय यादीत 'अत्यंत संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या या पातळ पाण्यात त्याची सगळी लगबग उरकते. रस्ता ओलांडताना चाकाखाली येतो. पुढे.

(दृश्य : पारदर्शक, उलटे पोहणारे जीव. सूर्यप्रकाशात पाय हलताना.)

हे उलटे पोहतात. पोट वर, पाठ खाली, आयुष्यभर. फेअरी श्रिम्प, कोळंबीचे लांबचे नातलग. यांची एक जात २०१४ मध्ये सह्याद्रीच्या नावाने नोंदली गेली : स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. पाणी आटतं तेव्हा हे मरतात. अंडी तळाच्या मातीत राहतात, एप्रिल-मेच्या तापल्या कातळावर, पावलांखाली. पाऊस आला की पुन्हा हे. सड्यावरच्या चिमूटभर धुळीत काय काय असतं ते पाणी टाकल्याशिवाय कळत नाही. हौशी मंडळींना सांगतो, सड्यावर गाडी घालू नका. इतकंच म्हणतो, नाहीतर हा माहितीपट फेअरी श्रिम्पवरचा होईल.

(दृश्य : पुन्हा बांबू. दिवस. फेसाचं घरटं, आता पिवळसर. ऊन.)

बांबूकडे येऊ.

घरटं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी उघडीप पडली. ७००० मिलिमीटरच्या गावात चार दिवस ऊन म्हणजे सुट्टीच. पण डबक्याखाली जांभा आहे, आणि जांभा पाणी पितो. त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता रोज नोंद केली. वहीत आहे : सोमवारी चौथा पट्टा. मंगळवारी तिसरा. बुधवारी दुसरा. गुरुवारी बांबूचा पाय उघडा.

(दृश्य : बांबूखाली ओला चिखल. पाणी दोन हात मागे.)

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं. आम्ही बांबू काठाशी रोवला होता. मधोमध असता तर खाली अजून पाणी असतं.

(दृश्य : घरट्याचा तळ, खूप जवळून. फेसात काहीतरी वळवळतं.)

सहावा दिवस. फेसाला बाहेरून पापडासारखी खपली आलीय. आत ओल आहे, आणि आत हे. अंडी फुटली आहेत. पिल्लं फेसाच्या तळाशी उतरून थांबली आहेत. पाऊस आला की फेस मऊ होतो आणि पिल्लं खाली गळतात. खाली पाणी असेल असा आईचा हिशोब असतो.

त्या संध्याकाळी आमच्यात भांडण झालं. बांबू उपटून पाण्यात रोवायचा, हे एकीचं म्हणणं. निदान खाली पाण्याचा ट्रे ठेवूया, हे दुसऱ्याचं. प्राणिशास्त्रवाला म्हणाला, आपण नोंदी ठेवायला आलोय. शिक्षिका म्हणाल्या, बांबू पण आपणच रोवलाय ना? यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. रात्री साडेनऊपर्यंत वाद चालला. साडेनऊला पावसाने तो मिटवला.

(दृश्य : रात्र. लाल प्रकाश. मुसळधार. घरट्यावरून पाणी ओघळतंय. निवेदन नाही. चाळीस सेकंद.)

(दृश्य : फेसाचा तळ सुटतो. एक पिल्लू. दोन. मग बरीच.)

पहिली काही चिखलावर पडली. वळवळत होती. चिखलावर पाणी चढत होतं. पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचायला तेरा मिनिटं लागली. घड्याळ बघून लिहिलंय.

(दृश्य : पाण्याखाली. वरून पडणारी पिल्लं. खाली मोठ्या पिल्लांच्या सावल्या.)

बैल-बेडकाची पिल्लं आधीच तिथे होती.

(दृश्य : तेच. निवेदन नाही.)

(दृश्य : सकाळ. काठाशी, बुडालेल्या पानाखाली, लहान फिकट पिल्लं.)

सकाळी ट्रेमध्ये घेऊन मोजली. एकोणीस. आणखी असतील. परत सोडली.

(दृश्य : दुसरं डबकं. स्वच्छ कडा, सिमेंट. पाण्यात लहान मासे.)

हे दुसऱ्या गावातलं डबकं. दोन वर्षांपूर्वी ते खोल करून बांधून घेतलं, म्हणजे आता आटत नाही. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. डासांसाठी मासे सोडायची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. गप्पीचा भाऊबंद गांबुसिया भारतात आला तो १९२८ मध्ये. हे मासे डासांच्या अळ्या खातात हे खरं. बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात. बैल-बेडकाची पिल्लं आणि चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्याच खात होत्या, तेही फुकट. यंदा इथे आम्ही चार रात्री बसलो. आवाज आला नाही.

देशातल्या पाणथळ जागांचा उपग्रहावरून नकाशा झालाय. त्यात सव्वादोन हेक्टरांहून लहान पाणी म्हणजे नुसता ठिपका. आमचं बारा पावलांचं डबकं तर झाडाखाली आहे, ते वरून दिसणारही नाही.

(दृश्य : नोव्हेंबरअखेर. डबकं आटलेलं. भेगाळलेला चिखल, पानांचा थर. गुरांच्या खुरांचे ठसे.)

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. वहीत पाण्याच्या रकान्यात शून्य.

उडत्या बेडकाची पिल्लं सप्टेंबरात पाय फुटून काठावर आली, नखाएवढी, शेपटीचा तुकडा अजून चिकटलेला. त्यांतली बांबूवरची किती आणि कारवीच्या झुडपातल्या घरट्यांतली किती, हे सांगायला मार्ग नाही. ती झाडावर चढताना दिसली. हे त्यांतलं एक.

(दृश्य : अंजनीच्या पानावर इवलासा हिरवा बेडूक. पान हलतं. बेडूक उडी मारतो, चौकटीबाहेर जातो.)

(दृश्य : कोरड्या डबक्यात उभा बांबू. वरच्या टोकाला वाळलेल्या फेसाचा पिवळा डाग.)

आजोबा परवा पुन्हा भेटले. म्हणाले, "सुकला मा? मी सांगलंय तुमका."

बांबू काढून मधोमध रोवायचं ठरलं होतं. हलवायला गेलो तर शिक्षिकांनी थांबवलं. दुसरा आणलाय, तो मध्यावर उभा केला. हा राहू दिलाय. शेजारी जांभळाची वाळकी फांदी आडवी बांधलीय, पानांसकट, काथ्याने. पानं जूनपर्यंत टिकणार नाहीत. तेव्हा ताजी बांधू.

(दृश्य : दोन बांबू. काथ्याची गाठ मारणारे हात. आवाज : रातकिडे.)